दगडी पाला उर्फ एकदांडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुंपणाच्या पायथ्याशी, फरशीच्या फटीत असं कुठेही उगवणारं हे फूल. मध्ये पिवळी गोल टिकली आणि तिच्याभोवती चार-पाच फिकट पाकळ्या. रोज आपण त्याच्या शेजारून जातो, पुष्कळदा त्याच्यावर पाय देऊन जातो. त्याच्याबद्दल लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. ह्या झाडाबद्दलचे निम्मे गैरसमज नावांच्या घोळातून निघतात, त्यामुळे सुरुवात नावापासूनच करतो.

ह्या फुलाचं खरं नाव काय?

दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी, जखमजुडी. ही सगळी खरी नावं आहेत. भागाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे नाव बदलतं. एकदांडी हे नाव मला सर्वांत चपखल वाटतं, कारण झाड जमिनीलगत पसरलेलं असलं तरी फूल मात्र एकटंच, एका लांब उघड्या दांड्याच्या टोकाला येतं. जखमजुडी हे नाव त्याच्या वापरावरून पडलं. कंबरमोडी म्हटलं की मला ते आधी आडवं जाऊन मग टोकाशी वर वळणारं खोड आठवतं. इंग्रजीत ह्याला कोटबटन्स म्हणतात, कोटाची बटणं. तेलुगूत 'गड्डी चामंती', म्हणजे गवतातली शेवंती. तमिळमध्ये 'वेट्टुकाय पूंडु', म्हणजे कापल्याच्या जखमेवरची वनस्पती.

शास्त्रीय नाव मात्र एकच: ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. खात्री करायची असेल तेव्हा ह्या नावावर यावं, कारण कंबरमोडी आणि रानमोडी ही दोन नावं जवळजवळ ठेवली की गोंधळ झालाच म्हणून समजा. रानमोडी हे माणसाच्या उंचीपेक्षाही वर जाणारं वेगळंच झुडूप आहे.

ट्रायडॅक्स म्हणजे तीन दात का?

पाकळीच्या टोकाला तीन दाते असतात, त्यामुळे तसं वाटतं आणि तसं सांगितलंही जातं. पण जुन्या ग्रीकमध्ये 'थ्रिडॅक्स' हा शब्द लेट्यूस ह्या पालेभाजीसाठी होता. योगायोग असा की लेट्यूसही ह्याच कुळातलं आहे. 'प्रोकम्बेन्स' म्हणजे जमिनीवर आडवं पडलेलं, आणि ते वर्णन तंतोतंत आहे.

हे आपलंच रानफूल आहे ना?

नाही. इतकं ओळखीचं फूल परकं कसं, असं म्हणून लोक थोडे हिरमुसतात, पण ह्याचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग हे आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लांटारम' ह्या ग्रंथात त्याला आजचं नाव दिलं, तेव्हा त्याचं ठिकाण म्हणून मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझचा उल्लेख केला होता. आज ते जगाच्या उष्ण प्रदेशांत जवळपास सगळीकडे आहे: आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, प्रशांत महासागरातली बेटं.

रानटी आणि देशी हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. एकदांडी रानटी नक्कीच आहे, कुणी न लावता वाढते. देशी नाही. ही गोष्ट पुढच्या काही उत्तरांत फार कामाला येणार आहे.

ती कोणत्या कुळातली?

सूर्यफुलाच्या, म्हणजे ॲस्टरेसी कुळातली. झेंडू, शेवंती, डेलिया, करडई, कारळा, माका, सोनकी आणि गाजरगवत ही सगळी हिची भावंडं. ३० हजारांहून अधिक जातींचं हे कुळ सपुष्प वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक आहे.

एकदांडीचं एक फूल म्हणजे खरंच एक फूल आहे का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो. उत्तर आहे, नाही. ज्याला आपण फूल म्हणतो तो अनेक चिमुकल्या फुलांचा एकत्र बसलेला मेळा आहे. वनस्पतिशास्त्रात ह्या फुलोऱ्याला स्तबक म्हणतात.

एक फूल तोडा, उभं मधोमध चिरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. बाहेरून हिरव्या, कधी जांभळट छटेच्या केसाळ छदांची, म्हणजे फुलोऱ्याला बाहेरून वेढणाऱ्या छोट्या पानांची, वाटी दिसेल. वाटीच्या तळाशी किंचित फुगीर बैठक आहे आणि तिच्यावर दाटीवाटीने नळ्या उभ्या आहेत. ती प्रत्येक नळी एक संपूर्ण फूल आहे. टोकाला पाच छोट्या पाकळ्या, आत केसरदलं, तळाशी बीजकोश. ही मधली पिवळी बिंबपुष्पकं. प्रत्येकाला टेकून एक पातळ, कोरडा खवला उभा असतो. तो चिमट्याने वेगळा करता आला तर समजा हात बसला.

कडेच्या पाकळ्याही पाकळ्या नाहीत. त्यांतली प्रत्येक एक वेगळं फूल आहे, किरणपुष्पक. तिच्या टोकाचे तीन दाते म्हणजे तीन पाकळ्या एकमेकींना जुळल्याची खूण. अशी किरणपुष्पकं बहुतेक वेळा पाच असतात, पण तीनपासून आठपर्यंत सापडतात. किरणपुष्पकांत फक्त स्त्रीकेसर असतो, तर बिंबपुष्पकांत स्त्री आणि पुं दोन्ही अवयव असतात.

आता त्यातली सगळ्यात देखणी युक्ती. बिंबपुष्पकातले परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची बारीक नळी झालेली असते आणि ते आतल्या बाजूला उघडून पराग त्या नळीतच सांडतात. मग खालून स्त्रीकेसराचा दांडा वाढतो आणि बाटली घासायच्या ब्रशसारखा पराग पुढे ढकलत बाहेर आणतो. तोवर त्याची दोन टोकं मिटलेली असतात. पराग कीटकांनी नेले की ती टोकं उघडून मागे वळतात आणि आता तेच फूल दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार होतं. म्हणजे प्रत्येक नळी आधी पराग देते आणि नंतर घेते. हे सगळं कडेकडून मध्याकडे क्रमाने चालतं, त्यामुळे एकाच स्तबकात बाहेरच्या रांगेत उघडलेली टोकं, मधल्या रांगेत परागाचे पिवळे गोळे आणि केंद्रात मिटलेल्या कळ्या एकाच वेळी दिसतात.

शाळेत फुलाचे भाग शिकवायला जास्वंद घेतात आणि ते बरोबरच आहे. पण जास्वंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात एकदांडी द्यावी, असं मला फार वाटतं.

ओळखायची कशी?

पानं समोरासमोर, साधारण ३ ते ६ सेंटीमीटर लांब, कडा खोल दातेरी, हाताला खरखरीत लागणारी. अंगभर ताठ पांढरे केस. खोड जमिनीवर पसरणारं, पेरांशी मुळं धरणारं, टोकाकडे वर उचललेलं. दांडा १० ते ३० सेंटीमीटर, त्यावर पान नाही आणि टोकाला एकच फूल, रुंदीला दीड सेंटीमीटरच्या आसपास. आणि फूल सरल्यावर त्याच दांड्यावर करड्या-पांढऱ्या केसांचा गोल गोंडा. पान, दांडा, गोंडा ही तिन्ही जुळली तर शंका घेऊ नये.

हाच भृंगराज ना? हाच माका ना?

नाही. हे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण इथली चूक नुसत्या नावापुरती राहत नाही, ती पोटात जाते.

भृंगराज म्हणजे माका, शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. तोही ह्याच कुळातला, तोही लहान, त्यालाही पांढरट फुलं, तोही जमिनीशी सलगी करणारा. त्यामुळे गोळा करणाऱ्याच्या पोत्यात एकदांडी माक्याच्या नावाने जाते आणि वाळून चुरा झाल्यावर डोळ्यांनी सांगणं अवघड होऊन बसतं. ताजी झाडं मात्र सहज वेगळी करता येतात.

माक्याला पाण्याची ओढ. शेताचा बांध, ओढ्याचा काठ, भाताची खाचरं ह्या त्याच्या जागा. एकदांडी कोरड्या, उन्हातल्या, तुडवलेल्या जमिनीतही खूश. माक्याचं पान भाल्याच्या पात्यासारखं अरुंद, कडा जवळजवळ सरळ, तर एकदांडीचं पान खोल दातेरी. माक्याची फुलं पानांच्या बेचक्यात आखूड देठावर बसतात, एकेकटी किंवा जोडीने, आणि त्यांच्या भोवतीच्या पांढऱ्या पाकळ्या असंख्य आणि दोऱ्यासारख्या बारीक. एकदांडीच्या बहुतेक वेळा पाचच आणि रुंद. माक्याचं खोड चुरगाळलं तर रस हळूहळू काळपट होतो. शेवटची आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण बियांची: माक्याच्या बीला उडायचे केस नसतात, एकदांडीच्या बीला असतात.

आणखी एक सरळ विचार करून बघा. एकदांडी अमेरिका खंडातून आलेली आहे. चरक आणि सुश्रुत ह्यांच्या संहिता त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या. त्यामुळे त्यांत वर्णन केलेला भृंगराज एकदांडी असूच शकत नाही. एकदांडीला काही ठिकाणी जयंती असंही म्हणतात. जयंती हे नाव शेवरीच्या झाडालाही आहे, जे शेंगांच्या कुळातलं आहे. म्हणून ग्रंथातलं नाव आणि हातातलं झाड ह्यांची गाठ घालताना दोनदा थांबावं.

जखमेवर पाला चोळून लावला तर रक्त थांबतं का?

लोकांचा अनुभव तसा आहे, आणि तो एका गावापुरता नाही. मराठीतलं जखमजुडी आणि तमिळमधलं नाव एकाच वापराकडे बोट दाखवतात. मी स्वतः लहानपणी गुडघा फुटल्यावर हा पाला दोन तळव्यांत चोळून त्याचा हिरवा रस लावून घेतला आहे. त्याची झोंब अजून आठवते. प्रयोगशाळेतही ह्यावर काम झालं आहे. उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांवर पानांच्या अर्काचा जखम भरण्यावर काय परिणाम होतो हे तपासलं गेलं आहे. पानांत टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड वर्गातली द्रव्यंही आहेत.

तरीही आज कुणी विचारलं तर मी लावा असं सांगत नाही. प्रयोगातला अर्क मोजून, गाळून, स्वच्छ भांड्यात केलेला असतो. आपला पाला रस्त्याकडेच्या मातीतून उपटलेला. त्यावर धूळ असते, जनावरांचं मूत असतं आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. उघड्या जखमेत ते चोळून भरणं म्हणजे जखम जुळवण्याच्या नादात दुसरंच दुखणं ओढवून घेणं. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून धरावी, आणि जखम खोल असेल किंवा गंजक्या, मातकट वस्तूची असेल तर डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावं. जुन्या माणसांकडे दवाखाना जवळ नव्हता तेव्हा त्यांनी हाताशी होतं ते वापरलं. त्यांच्या निरीक्षणाबद्दल मला आदर आहे, आणि तो ठेवूनच हे लिहितो आहे.

केसांसाठी तेलात घालतात, पोटात काढा घेतात, ते चालेल का?

केसांसाठी सांगितलेला असतो तो माका. वरचं उत्तर पुन्हा वाचावं. पोटात घ्यायचं असेल तर वैद्याने झाड पाहून ओळखल्याशिवाय घेऊ नये. आधीपासून औषधं चालू असतील, पोटुशी बाई असेल किंवा लहान मूल असेल तर मुळीच घेऊ नये.

अंगाला लावल्यावर खाज सुटते का?

बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांना गाजरगवताने पुरळ येतं त्यांनी ह्या कुळातली कुठलीही वनस्पती हाताळताना जपावं. एका वनस्पतीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तिच्या भावंडांचाही त्रास होऊ शकतो.

हे गाजरगवत तर नव्हे?

नव्हे. गाजरगवत उभं वाढतं, त्याची पानं गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली असतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे घोस येतात. एकदांडीला घोस कधीच नसतो.

ही बहुवर्षायू आहे म्हणतात, मग उन्हाळ्यात वाळते कशी?

बहुवर्षायू म्हणजे बारमाही हिरवी असा अर्थ नाही. मूळ आणि बुंधा टिकून राहिले की झाड पुढच्या ओलीला पुन्हा फुटतं. एकदांडीचं सोटमूळ खोल जातं, आणि आडवं खोड पेरापेराशी नवी मुळं सोडतं. थोडंसं पाणी मिळणाऱ्या जागी, म्हणजे नळाच्या आसपास किंवा बागेच्या कडेला, ती बाराही महिने फुलते. अगदी कोरड्या माळावर मात्र पुष्कळ रोपं मरतात आणि पावसाळ्यात बियांतून नवी पिढी येते. सोनकीशी तुलना करून बघा. सोनकी वर्षायू आहे, पावसाबरोबर येते आणि डोंगर पिवळे करून जाते. एकदांडी तशी डोळे दिपवत नाही, पण मार्चमध्ये बघा आणि नोव्हेंबरमध्ये बघा, कुठेतरी एखादा दांडा वर असतोच.

फुलपाखरांना ती आवडते हे खरं का?

खरं आहे, आणि तपासायला कुठे लांब जावं लागत नाही. ऊन चढल्यावर एकदांडीच्या ताटव्यासमोर दहा मिनिटं बसा. गवतातली नखाएवढी निळी फुलपाखरं, पिवळी फुलपाखरं, ठिपकेदार बिबळ्या कडवा, मधमाश्या, नांगी नसलेल्या चिमुकल्या माश्या अशी रीघ लागते. बिंबपुष्पकाची नळी आखूड असल्याने लहान सोंडेच्या कीटकालाही मध पोचतो. शिवाय एकाच बैठकीत अनेक पेले भरलेले असल्याने जागा न सोडता पिता येतं. बाकीचं रान सुकलेलं असतं त्या दिवसांत ह्या फुलांचं मोल आणखी वाढतं.

पण मध देणं वेगळं आणि अळीचं पोट भरणं वेगळं. फुलपाखरांच्या अळ्यांना आपापली ठरावीक झाडं लागतात, आणि ती झाडं हटवून तिथे नुसती एकदांडी पसरली तर फुलपाखरं पाहुणी म्हणून येतील, वंश वाढवायला राहणार नाहीत.

इतकी पसरते कशी?

दोन वाटांनी. एक, खोड रांगत जातं आणि पेरांशी मुळं धरतं, त्यामुळे एका रोपाची चटई होते. दुसरी वाट वाऱ्याची. तिचं फळ जेमतेम २ मिलिमीटर लांब, काळपट आणि केसाळ, एकच बी असलेलं. त्याच्या डोक्यावर पिसासारख्या केसांचा झुबका असतो आणि ते केस फळाच्या दुपटीहून जास्त लांब असतात. गोंडा सुकून उमलला की वाऱ्याच्या एका झोताने बिया सुटतात. एका रोपाला हंगामात शेकड्यांनी, कधी हजाराहून जास्त बिया धरतात. त्या रुजायला उजेड लागतो, म्हणून उघडी, उकरलेली जमीन मिळाली की तिथे त्या सर्वांत आधी हजर होतात. खोल गाडल्या गेलेल्या बिया वर येत नाहीत.

शेतात किंवा बागेत आली तर काढायची का?

पिकात आली तर काढावी, ती पाणी आणि अन्नद्रव्यं घेते. गोंडा धरायच्या आधी काढली तर पुढच्या वर्षीची मेहनत वाचते. वरून ओरबाडून उपयोग नाही, सोटमूळ राहतं. जमीन ओली असताना खुरप्याने मुळासकट काढावी आणि पेरांची मुळंही सोडवून घ्यावीत. हिरवळीवर कापणीयंत्र फिरवूनही ती जात नाही, कारण तिचं अंग पात्याच्या खालीच पसरलेलं असतं. मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवलं तर नवी रोपं फारशी येत नाहीत. बियांना उजेड लागतो हे वर सांगितलंच आहे.

बागेचा एखादा कोपरा, जिथे दुसरं काही लावलेलं नाही, तिथली एकदांडी मी काढत नाही. फक्त गोंडे वाऱ्यावर जायच्या आधी खुडतो. मात्र देशी रानफुलं अजून तग धरून असलेल्या सड्यावर किंवा पठारावर ती शिरताना दिसली तर तिथे माया दाखवू नये.

शेळ्या, ससे खातात का?

खातात. ससे पाळणारे तर तिचा हिरवा पाला मुद्दाम घालतात. फवारणी झालेल्या जागेतला पाला देऊ नये, एवढंच.

परदेशातल्या नातेवाइकांना बी पाठवू का?

नको. अमेरिकेच्या केंद्र सरकारने एकदांडी हानिकारक तणांच्या यादीत टाकलेली आहे आणि तिची ने-आण तिथे कायद्याने रोखलेली आहे. इतर देशांचेही बियांबाबत आपापले नियम असतात. फोटो पाठवा.

फोटो काढायला चांगली वेळ कोणती?

फुलाचा काढायचा असेल तर सकाळी, कोवळं ऊन आल्यावर, कॅमेरा जमिनीला टेकवून. उभ्याने काढलेल्या फोटोत दांडा दिसत नाही आणि एकदांडीची ओळखच दांड्यात आहे. ओळख विचारण्यासाठी पाठवायचा असेल तर चार फोटो लागतात: फूल वरून, फूल बाजूने दांड्यासह, पान जवळून, आणि गोंडा असेल तर गोंडा. मोठेपणा कळावा म्हणून शेजारी बोट ठेवा. गोंड्याचा फोटो उन्हाकडे तोंड करून काढला तर केसांवरची पिसं सुटी सुटी दिसतात. तो काढताना श्वास रोखून धरा, नाहीतर बिया उडतात.